गोजराबाईचं मुसकं

माझे सासरे सावळीराम यांना बिडीनं खाल्लं, असं भातगिरणीच्या मालकानं त्यांच्या दहाव्याला येऊन चारचौघांत सांगितलं. सासऱ्यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. तंबाखू नाही, मिसरी नाही. बावीस वर्षं त्यांनी घोटीतल्या त्या गिरणीत तुसाच्या खोलीत पोती भरली, आणि शेवटची दोन वर्षं भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोप काढली, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. मालक रावजीशेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आला, मान हलवली आणि म्हणाला, "व्यसन वाईट, दुसरं काय." ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यातली निम्मी त्याच्याच गिरणीत कामाला. सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि मला वाटलं, आपण नव्या, आपण कशाला तोंड उघडा.

तोंड उघडलं ते माझ्या सासूनं, गोजराबाईनं. पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवून ती म्हणाली, "शेठ, पाणी प्या आन् निघा. पुन्हा या दारात खोटं बोलायला येऊ नका."

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. तिच्या तोंडावर मी तिला आत्याबाई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. आता ती नाही, आणि मला हे सगळं रागानं लिहायचं आहे. रागात अहो-जाहो जमत नाही, म्हणून एकेरीच लिहिते. ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

ज्यांनी भातगिरणी पाहिली नाही त्यांना तुसाची खोली म्हणजे काय ते सांगते. भात भरडलं की तांदूळ एका बाजूला पडतो आणि वरचं टरफल, म्हणजे तूस, पंख्याच्या जोरानं नळातून एका बंद खोलीत जाऊन पडतं. तिथं फावड्यानं ते पोत्यात भरायचं. खोलीला एक दार आणि छपराजवळ वीतभर झरोका. जाड तूस खाली बसतं, पण बारीक धूळ बसतच नाही. ती हवेत तरंगत राहते, अंगाला लागली तर दिवसभर टोचते. डोळ्यांत गेली तर डोळे लाल होतात, ते निदान दिसतं. छातीत गेलेली कोणाला दिसत नाही, म्हणून शेठला बिडी सुचली.

गोजराबाई गोधड्या शिवायची. घोटीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत कुठं बाळंतपण असलं, लग्न असलं, की जुन्या कपड्यांचं गाठोडं आमच्या दारात येऊन पडायचं. ती एकेक कापड अंगठा आणि बोटांत धरून चोळायची आणि सांगायची, हे लुगडं दहा वर्षं धुतलेलं, हे धोतर नवं असताना कुठंतरी अडकून फाटलेलं, ह्या चादरीत सूत कमी आणि खळ जास्त. तिचे टाके इतके बारीक आणि जवळजवळ असत की लोक गोधडी उलटी करून बघत आणि उलटसुलट कळत नसे. याचा तिला भयंकर गर्व होता. दुसऱ्या कोणी शिवलेली गोधडी पाहिली की नाक मुरडायची, "ही काय गोधडी हाय? यातून तर उंदीर निघंल." तिच्या तोंडाला गावातली अर्धी माणसं भ्यायची आणि उरलेली अर्धी तिच्याकडूनच गोधडी शिवून घ्यायची.

सत्त्याण्णव साली माझ्या नवऱ्याच्या, यादवच्या पाठीत भरल्या पोत्यानं लचक भरली आणि त्याची हमाली सुटली. भाताचा हंगाम होता आणि गिरणीत बायांची भरती चालली होती. मी जाते म्हणाले. गोजराबाईनं सुई गोधडीत खुपसून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"कुठं लावू राहिले तुला?"

"तुसाच्या खोलीत. तिथंच जागा आहे म्हणे."

तिनं मांडीवरची गोधडी बाजूला सारली. मग म्हणाली, "या घरातलं दुसरं माणूस म्या त्या खोलीला देणार नाय. जायचं तर जा, पण उघड्या नाकानं नाय."

मी म्हणाले, शेठ रुमाल देतात की. खरंच देत असे. दर दिवाळीला एकेक रुमाल वाटायचा, टेरिकॉटचा, गुळगुळीत, कोपऱ्यात गिरणीचं नाव छापलेला. नाकाला बांधा म्हणायचा. सासऱ्यांचे असे कितीतरी रुमाल घरात होते. गोजराबाईनं पेटीतून एक काढून माझ्या नाकाला करकचून बांधला आणि म्हणाली, "आता हंडा उचल आन् हापशापासून इथवर ये."

मी हंडा भरून डोक्यावर घेतला. चार पावलांतच दम लागला. कापडातून हवा येईना, छाती वरखाली व्हायला लागली. हात आपोआप वर गेला आणि मी रुमाल हनुवटीखाली ओढला. ती दारात उभी राहून बघतच होती.

"ओढलास ना खाली? सगळे ओढत्यात. यादवचे बापबी ओढायचे. आन् शेठ म्हणतो, बायांना नाकाला बांधायची सवयच नाय, अडाणी हायेत. अरे, ज्यातून श्वास येत नाय ते कोण बांधून ठेवील? गळ्यात ठेवायचा तर दागिना तरी द्यावा."

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी तेव्हा वेड म्हणायची. गोजराबाईनं गाठोड्यांतली सगळी कापडं काढून ओळीनं मांडली. नायलॉनची साडी, पंचा, टेरिकॉटचा सदरा, उशीचा अभ्रा, टॉवेल, धोतर, बाळाचं फलालिनचं दुपटं. एकेका कापडाची घडी माझ्या तोंडावर धरायची, वीतभर अंतरावर रॉकेलची चिमणी ठेवायची आणि फुंकर मारायला लावायची. नायलॉनच्या साडीतून मारलेल्या फुंकरीनं चिमणी फटकन विझली. सदऱ्यातून मी जीव खाऊन फुंकलं तरी ज्योत हलली नाही, उलट सगळी हवा गालांच्या बाजूनं निघाली. "बघ," ती म्हणाली, "जिथून वाट मिळंल तिथून जाती. बाहेर जाती तशीच आत येती, तूस घेऊन." तिला हवं होतं ते असं कापड, की फुंकर मारल्यावर ज्योत वाकावी पण विझू नये.

मग दुसरी परीक्षा. चुलीवरचा काळा तवा खाली, त्यावर पिठाच्या चाळणीचं नुसतं कडं, कड्यावर कापड ताणून बांधलेलं. वरून गिरणीतून आणलेली मूठभर धूळ टाकायची आणि कड्यावर टिचक्या मारायच्या. कापड उचललं की तव्यावर किती पडलं ते दिसायचं. पंच्यातून इतकी पडली की तव्यावर बोटानं नाव लिहिता आलं असतं. नायलॉनमधून तेच. टॉवेलनं धूळ बरीच अडवली, पण तो तोंडाला लावला की दहा मिनिटांत घामानं आणि वाफेनं ओला व्हायचा आणि मग ओल्या टॉवेलातून श्वास येईना. शेजारच्या बाया दारातून बघून हसायच्या. मलाही लाज वाटायची. सासू तव्यावर तूस भाजते आहे, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

सगळ्यांत चांगलं निघालं जुनं धोतर. नवं नाही. नव्या धोतरातली खळ जाते, पण सूत ताठच राहतं आणि दोन सुतांमध्ये फट राहते. वर्षानुवर्षं धुतलं, आपटलं, की सुताला लव सुटते आणि ती लव फटीत भरते. हे मला तिनं कापड उन्हाकडं धरून दाखवलं. आणि त्याच्याखालोखाल बाळाचं दुपटं, कारण फलालिनची लव तर हाताला लागते. एकट्या धोतरातून थोडी धूळ जायची, एकट्या दुपट्यातूनही जायची. बाहेर धोतर, मध्ये दुपटं, आत पुन्हा पांढरं धोतर, असं तिहेरी केलं की तव्यावर जवळजवळ काहीच पडेना, आणि चिमणीची ज्योत वाकायची. मी ते तोंडावर बांधून हंडा घेऊन आले. दम लागला, पण गुदमरले नाही.

"जमलं," गोजराबाई म्हणाली. मी लग्न होऊन आल्यापासून तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तिनं माझ्या चेहऱ्याच्या मापाचं शिवलं. हनुवटीखाली चुणी, कानांच्या वर एक नाडी, खाली एक, म्हणजे कडा गालाला बसेल. बैलांना मळणीच्या वेळी तोंडाला बांधतात तेच नाव तिनं त्याला दिलं, मुसकं. मला तो अपमान वाटला. "मी काय बैल आहे?" असं मी म्हणाले तर म्हणाली, "बैलाला धनी जपतो. तुला कोण जपू राहिलंय तिथं?" आणि मग तिनं ते तिच्या पद्धतीनं पुरं केलं. आडवे टाके, उभे टाके, बोटाच्या पेरापेरावर ओळ, लाल दोऱ्यानं. एवढीशी गोधडीच ती. तीन थर सरकू नयेत म्हणून असं ती म्हणाली, पण खरं म्हणजे टाक्यांशिवाय काही पूर्ण झालं असं तिला वाटतच नसे.

गिरणीत पहिल्या दिवशी बाया हसल्या. आठ दिवसांनी माझ्याशेजारी फावडं चालवणारी पुतळाबाई म्हणाली, "प्रतिभा, मलाबी दे बाई एक शिवून, माझा खोकला लय वाढू राहिला." महिनाभरात गिरणीतल्या अठराच्या अठरा बायांकडं गोजराबाईची मुसकी झाली. तिची एकच अट होती, जिच्या तोंडाला बांधायचं तिच्याच घरचं जुनं कापड पाहिजे. बाया आपल्या पोरांची दुपटी घेऊन आल्या. एकीनं सासऱ्याचं धोतर चोरून आणलं आणि त्यावरून तिच्या घरी भांडण झालं.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. गोजराबाईनं आणखी एक नेम घातला होता. संध्याकाळी घरी आलं की मुसकं तसंच तिच्या हातात द्यायचं, न धुता. ती आतली बाजू बघणार. पहिले चार दिवस मी दिलं. ती उजेडात धरून, डोळ्याला लावून बघायची आणि मग माझ्यावर बरसायची. "इथं लाळ का? बोलत होतीस व्हय? इथं कडंला काळं का? नाडी सैल बांधली." दिवसभर पोती भरून यायचं आणि दारात उभं राहून आपल्या थुंकीचा हिशोब द्यायचा. मला चीड आली. गिरणीच्या नळावर आम्ही सगळ्या हातपाय धुवायचो, तिथंच मी मुसकंही धुवायला लागले. बाकीच्याही धुवायला लागल्या. घरी आले की म्हणायची, "ओलं झालं होतं, तिथंच धुतलं." ती रागावली, ओरडली, मी ऐकलं नाही. माझाही स्वभाव काही गरीब नव्हता. दोन हंगाम मी तिला आतली बाजू दाखवली नाही.

दोन हंगामांत मला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. मी लपवायची, पाणी प्यायची, चुलीच्या धुराला दोष द्यायची. आणि मनातून तिलाच शिव्या द्यायची, की एवढं बांधून काय उपयोग झाला.

मग नव्व्याण्णवच्या डिसेंबरात एक दिवस गिरणीच्या नळाला पाणी आलं नाही. मुसकं तसंच घरी आलं. मी ते परसात बादलीत टाकायला निघाले होते, तिनं हातातून हिसकावून घेतलं आणि उलटं केलं.

आतलं धोतर पांढरं होतं. त्यावर करड्या ठिपक्यांच्या ओळी उठल्या होत्या. आडव्या, उभ्या, पेरापेरावर. जिथं जिथं तिची सुई गेली होती तिथं तिथं धुवून धुवून सैल झालेलं एकेक भोक, आणि प्रत्येक भोकाभोवती तुसाची धूळ. मधली जागा स्वच्छ होती. नाकासमोर तर ठिपके एकमेकांना चिकटून पट्टाच झाला होता, कारण तिथं तिनं जास्त मायेनं, जास्त जवळ टाके घातले होते.

ती ते घेऊन ओट्यावर बसली. तव्यावरची परीक्षा तिनं कापडाची घेतली होती, शिवलेल्या मुसक्याची घेतली नव्हती. तिला मनात आलंही नसेल की आपला टाका दगा देईल. बराच वेळ ती त्या ओळींवरून अंगठा फिरवत राहिली. मग वर बघितलं आणि माझ्यावर अशी ओरडली की गल्लीतली माणसं बाहेर आली.

"दोन वरसं! दोन वरसं तू मला हे धुवून दाखवू राहिलीस? पहिले चार दिवस टाके घट्ट होते, पुढच्याच महिन्यात हे मला दिसलं असतं. मला एक दिवस दिसायला पाहिजे होतं फक्त. एक दिवस!"

"आणि भोकं कोणी पाडली?" मीही ओरडले. "तुमच्या गर्वानं पाडली. मला नक्षी नको होती, श्वास पाहिजे होता."

मी आयुष्यात तिला इतकं लागेल असं दुसरं काही बोलले नाही. खरं होतं म्हणून लागलं. तिचंही खरं होतं. आम्ही दोघींनी मिळून माझ्या छातीत दोन हंगामांचं तूस भरलं होतं, तिनं टाके घालून आणि मी ते धुवून.

बाजारच्या दिवशी गिरणी बंद असे. त्या दिवशी तिनं अठराही बायांना मुसकी घेऊन बोलावलं आणि त्यांच्यासमोर ओट्यावर बसून एकेक टाका उसवला. जे कापड भोकांनी चाळण झालं होतं ते फेकलं, पुन्हा घरोघरची धोतरं मागितली. या वेळी टाका फक्त कडेला, तोही नाक-तोंडापासून लांब, आणि कडेवर दुमडून पट्टी. मध्ये एकही नाही. शिवून झाल्यावर तिनं तयार मुसकंच कड्यावर ताणून तव्यावर तपासलं. पुतळाबाईला ती म्हणाली, "माझी चूक झाली गं." गोजराबाईच्या तोंडून हे वाक्य ऐकलेली बाई घोटीत दुसरी सापडायची नाही.

नव्या मुसक्यांनी आतली बाजू स्वच्छ राहायला लागली. आता मी रोज न धुता आणायची आणि ती रोज बघायची. माझा खोकला वाढायचा थांबला. थांबला असं वाटलं तरी.

आणि नेमकं तेव्हा शेठला मुसक्यांचं प्रेम आलं. गिरणीच्या तपासणीला कोणी साहेब येणार होते. सकाळी शेठ स्वतः बायांच्या रांगेसमोर उभा राहिला, सगळ्यांना मुसकी बांधायला लावली, साहेबांना दाखवलं, "आमच्या गिरणीत कामगारांची अशी काळजी घेतो." साहेबांनी मान डोलावली. साहेब गेल्यावर शेठनं अठरा मुसकी गोळा करायला लावली आणि ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. खराब होतील, म्हणाला, पुढच्या तपासणीला लागतील. आणि आम्हाला त्या दुपारी उघड्या नाकानं तुसाच्या खोलीत पाठवलं. आम्ही गेलो. याची मला आजही लाज वाटते, आम्ही अठराजणी होतो आणि गेलो.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई माझ्याआधी गिरणीत हजर. हातात तवा नव्हता एवढंच. सरळ ऑफिसात शिरली.

"कपाट उघडा शेठ."

"मावशी, ती गिरणीची वस्तू आहे आता. तपासणीत नोंद झालीय."

"त्यातलं एक धोतर यादवच्या बापाचं हाय. ते गिरणीचं कवा झालं? जिवंतपणी त्यांना घेतलं, आता धोतरबी पाहिजे का?"

शेठचा आवाज चढला. "सावळीरामला बिडीनं खाल्लं, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

तिनं कमरेला खोचलेला एक रुमाल काढला. गिरणीचं नाव छापलेला, टेरिकॉटचा, सासऱ्यांचा. टेबलावर ठेवला. "हे तुम्ही दिलेलं. हे नाकाला बांधा आन् त्या खोलीत घटकाभर फावडं चालवा. म्या बाहेर उभी ऱ्हाते. रुमाल खाली न ओढता बाहेर आलात तर म्या गावात सांगीन, माझा नवरा बिडी प्यायचा."

दारात सगळ्या बाया गोळा झाल्या होत्या. शेठ उठला नाही. रुमालाकडं बघत बसला. गोजराबाईनं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, कपाटाची काच फोडली, मुसकी पदरात घेतली आणि एकेकीच्या हातात दिली. हाताला काच लागून रक्त येत होतं, तिचं लक्षच नव्हतं.

त्याच दुपारी मला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही. पुतळाबाई नुसती रडली. घरी येऊन मी गोजराबाईला वाटेल ते बोलले. "मला विचारलंत का? भाकरी माझी होती, तुमची नव्हती." ती हाताला चिंधी बांधत होती. म्हणाली, "श्वास ऱ्हाईला तर भाकरी मिळंल." वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिनं मला गोधड्या शिवायला बसवलं आणि मी राग सुईवर काढला.

पुढं नाशिकला डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, छाती खराब झालीय, पण आहे तिथं थांबली आहे. धुळीतून सुटलीस म्हणून वाचलीस. तेव्हापासून श्वासाचा पंप जवळ ठेवते आणि चढण चढताना मध्ये थांबते. पुतळाबाई गिरणीतच राहिली. शेठनं त्या घटनेनंतर मुसकी बांधायला बंदी केली, म्हणे त्यानं कामाचा वेग कमी होतो. पुतळाबाई दोन हजार सहा साली गेली, बसल्या बसल्या. तिच्या दहाव्यालाही कोणीतरी मिसरीचं नाव घेतलं.

मग दोन हजार नऊचा ऑगस्ट आला. स्वाइन फ्लूची साथ, रोज पेपरात पुण्याचे आकडे, नाशिकला शाळा बंद. दुकानांतले मास्क संपले, लोक तोंडाला ओढणी, पंचा, मिळेल ते बांधून फिरायला लागले. गोजराबाई तेव्हा सत्तरीची होती, नजर अधू झालेली. एका सकाळी आमच्या दारात गाडी थांबली आणि रावजीशेठ उतरला. केस पांढरे झाले होते. विकतचा हिरवा मास्क त्याच्या हनुवटीखाली लोंबत होता.

"मावशी, नातीला जपायचंय. डॉक्टर म्हणाले, मिळत नसेल तर घरी सुती शिवून घ्या. मला तुमची आठवण झाली."

"तुमचा खाली का ओढला?" गोजराबाईनं विचारलं.

"गुदमरतं हो त्यात."

चहाचा कप हातात घेऊन मी दाराशीच थबकले. त्यानं नव्या कोऱ्या कापडाचा तागा पुढं केला, तो तिनं अंगठ्यानं चोळला आणि बाजूला सारला. "याला नुसती खळ हाय. नातीचं जुनं दुपटं आणा. आन् शेठ, एक आधीच सांगते. माझ्या तव्याला तूस कळतं. ह्या साथीचं तव्यावर दिसत नाय, म्हणून त्याची खात्री म्या देणार नाय. उघड्या नाकापरीस बरं, एवढंच."

त्यानं ड्रायव्हरला दुपटं आणायला पाठवलं आणि ओट्यावर बसला. "माझ्यासाठीही दोन शिवा."

"पोरीचं आज देते. तिचा काय गुन्हा? तुमचं मागून. आधी गिरणीतल्या अठरा बायांचं."

"अठरा कुठल्या?" शेठ म्हणाला. "आता अकराच आहेत."

"मंग सात कुठं गेल्या?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठी घातली, थोडा वेळ घेतला. त्याला आठवेना. "गेल्या असतील कुठं. बायकांचं काय, येतात, जातात." मग माझ्याकडं वळून कपासाठी हात पुढं केला. "पोरी, साखर कमी आहे ना? मला चालत नाही."

अडीच हंगाम मी त्याच्या खोलीत तूस भरलं होतं. त्यानं मला नावानिशी काढून टाकलं होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता आणि त्याला ओळख पटली नव्हती.

मी कप दिला नाही. तसाच आत नेला आणि मोरीत ओतला. छाती भरून आली होती, म्हणून पंप ओढला आणि भिंतीला टेकून श्वास जागेवर येईपर्यंत उभी राहिले. बाहेरून गोजराबाईनं हाक मारली, तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी बाहेर गेले, त्याच्याकडं न बघता तिच्या सुईत दोरा ओवून दिला, आणि त्याच्या नातीचं मुसकं आम्ही दोघींनी शिवलं. टाका फक्त कडेला.